हे मडकं कुणाचं?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मडकं हातातून जवळजवळ पडलंच होतं!

गॅलपच्या आमच्या दुकानात कोलोरॅडोतल्या ड्युरँगोच्या एका दातांच्या डॉक्टरांचा संग्रह आला. डॉक्टर वसंतात वारले, बायकोला घर रिकामं करायचंय. सगळी आजच्या काळातली, आमच्या नवाहो जमातीच्या लोकांची शोभेची मडकी. मालक प्रुइटसाहेब म्हणाले, "बर्नाडीन, कुठलं कुणाचं ते लिहा आणि दर लावा. महिनाअखेर विक्री आहे." नेहमीचंच काम. अर्धी तर साच्यातली निघाली. आत हात घातला की गुळगुळीत, टिचकी मारली की कपासारखी वाजतात, वरून फिरोजी रंग फवारलेला. काही घोड्याचे केस जाळून डागलेली. थोडी मात्र खरी हातची, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून केलेली, माझ्या ओळखीच्या बायकांची. भराभर चाललं होतं.

मग तळच्या खोक्यातून एक तपकिरी निघालं. बुटकं, मोठ्या पोटाचं, राळेने माखलेलं. गळ्याभोवती मण्यांसारखी पट्टी, पट्टीत एका जागी मुद्दाम मोकळी सोडलेली फट, आम्ही तिला वाट म्हणतो. आणि पोटावर शिंगांचा सरडा बसलेला. आम्ही त्याला आजोबा म्हणतो. सगळ्याजणी त्याला पुढे बघणारा करतात. हा मान वळवून मागे बघतोय.

असा आजोबा एकच बाई करायची.

करायची? करते? काय लिहू!

४ ऑक्टोबर, शनिवार

सुट्टी असून गेले. घरी चैन पडेना.

रोझलिन. माझी धाकटी बहीण. हं, लिहिलं एकदाचं नाव. सहा वर्षांपूर्वी तिची गाडी केयेंटाच्या पेट्रोल पंपामागे सापडली. किल्ली गाडीतच, ती नाही. पोलिसांनी थोडे दिवस शोधलं, मग दमले. मावशीने बजावलं, "नाव घ्यायचं नाही. गेलेल्याला नावाने मागे ओढू नये." आई तर एक अक्षर बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. तिची मडकीसुद्धा मी घरातून काढून टाकली, गेलेल्याच्या वस्तू ठेवू नयेत म्हणून. आज माझ्या फळीवर आमच्या अख्ख्या शाँटो गावाची मडकी आहेत, फक्त बहिणीचं नाही.

तर मडक्याबद्दल. नीट लिहिते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. मण्यांची पट्टी डाव्या अंगठ्याने दाबलेली आहे. रोझलिन डावखुरी. प्रत्येक दाबाच्या मधोमध बारीक उभी रेघ. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. लग्नानंतर लगेच गाडीच्या दारात सापडला होता अंगठा, नख पुढे तसंच वाढलं. रेघ आहे. भिंग लावून पाहिली. आहे!

पण कधीचं? खिडकीच्या उन्हात ठेवलं. थोड्या वेळाने बोट लावलं तर चिकटलं. जुनी राळ कोरडी पडते, निस्तेज होते. ही अजून जिवंत आहे, पिन्यन पाइनच्या झाडासारखी घमघमते. वर्षभराची, फार तर दोन.

सहा वर्षांची नाही. नाही! की मला तसं हवंय म्हणून? नव्या मुलींना मीच शिकवते ना, जे बघायचंय तेच दिसतं, तेव्हा आधी दोष शोधा. मग आज मी काय शोधतेय?

५ ऑक्टोबर, रविवार

बोटाला अजून राळेचा वास आहे. भांडी घासली नाहीत.

७ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरांच्या बायकोला फोन केला. बोलकी बाई. म्हणाली, "ते सरड्याचं? ते यांनी शेवटचं घेतलेलं. मागच्या उन्हाळ्यात, कुठल्याशा शनिवारच्या बाजारात. बाई नवाहोच होती. यांना फोटो काढायचा होता, तर तिने चक्क टोपली तोंडासमोर धरली!"

कुठला बाजार?

"कोलोरॅडोतलाच. नाव आठवलं की कळवते."

मागच्या उन्हाळ्यात. टोपली तोंडासमोर धरली. फोन ठेवला आणि संडासात जाऊन नळ सोडून रडले.

आईला सांगू? खोटं निघालं तर? तिला दुसऱ्यांदा मारल्यासारखं होईल.

८ ऑक्टोबर, बुधवार

ताडून बघायला तिचं दुसरं मडकं हवं. नुसत्या आठवणीवर नाव लावायचं नसतं. उरलेली सगळी डेल्बर्टकडे आहेत, तिच्या नवऱ्याकडे. बिचाऱ्याने खिडकीत ओळीने मांडून ठेवलीयत. त्याला फोन केला. फक्त एवढंच म्हटलं, एक मडकं आलंय, तिच्यासारखं वाटतंय, तुझ्याकडचं एक बघायला हवंय. तो म्हणाला, "उद्या सकाळी घेऊन येतो, ताई."

प्रुइटसाहेबांनाही सांगून बसले. त्यांचे डोळेच चमकले! "हरवलेल्या कलावतीचं नवं काम! बर्नाडीन, हे यादीत सगळ्यात वर टाकायचं." मी म्हटलं, खात्री होऊ दे. तर म्हणाले, "तुमच्या चेहऱ्यावर दिसतेय की खात्री."

९ ऑक्टोबर, गुरुवार

डेल्बर्ट आला. टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. दोन्ही शेजारी ठेवली. तोच अंगठा, तीच रेघ, तोच मागे बघणारा आजोबा. प्रुइटसाहेबांनाही बोलावून दाखवलं, आता शंका नाही.

डेल्बर्टने नवं मडकं उचललं. कितीतरी वेळ फिरवत राहिला. "कुठून आलं?"

एका डॉक्टरच्या संग्रहातून, कोलोरॅडोतून.

"कोलोरॅडोत कुठून?"

माहीत नाही म्हटलं. मग माझ्यासाठी कॉफी घेऊन आला, खांद्यावर हात ठेवला. "ताई, आणखी काही कळलं तर आधी मला सांग. आईंना उगाच आशा नको." किती समजूतदार. दर हिवाळ्याला आईच्या फाटकाशी पिठाची, कॉफीची पोती ठेवून जातो. आत पाऊल टाकत नाही. जावयाने सासूचं, सासूने जावयाचं तोंड बघायचं नसतं, बघितलं तर डोळे जातात. हल्लीची पोरं कुठे पाळतात हे! सगळे म्हणतात, असा जावई शोधून सापडायचा नाही.

मग मला आत काहीतरी टोचतंय ते काय? दिवसभर टोचतंय.

११ ऑक्टोबर, शनिवार

शाँटोला जाऊन आले. कुठून सुरू करू!

आई चुलीशी, मावशी कढईत आमच्या फुगीर भाकऱ्या तळत होती. देझबामावशी म्हणजे तोंडाचा पट्टा. "आली बघा मडक्यांची डॉक्टरीण! वाळलीस किती, तिकडे माती खातेस का?" मटणाचा रस्सा वाढला. मला घास गिळेना. फोनमधला फोटो काढला आणि आईसमोर धरला.

आईने बघितलंसुद्धा नाही. हातातली लोकर विंचरत राहिली.

म्हटलं, आई, ही राळ ताजी आहे. ती जिवंत आहे!

मावशीचा झारा कढईतच राहिला. "कुणाकुणाला सांगितलंस?"

मला वाटलं होतं रडतील, मिठी मारतील. हा काय प्रश्न? सांगितलं, प्रुइटसाहेबांना, डॉक्टरांच्या बायकोला. आणि डेल्बर्टला.

"डेल्बर्टला!" मावशीने झारा फेकला. तेल उडालं, कुत्रं केकाटत बाहेर पळालं. "अक्कल गहाण टाकलीस का गं?"

मी चिडले. म्हटलं, तो नवरा आहे तिचा, त्याच्यासारखा माणूस मिळायचा नाही...

"अंगठ्याचं नख कशाने फाटलं तिचं?"

गाडीच्या दारात सापडला होता.

"दार कुणी लावलं, ते विचारलंस कधी?"

चुलीतलं लाकूड तडतडत होतं. मग आईने लोकर बाजूला ठेवली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्याबद्दल बोलली. अगदी हळू. अंगठ्यानंतर मनगट, मनगटानंतर फासळ्या. शेवटी एका पहाटे रोझलिन मेंढ्यांच्या कोंडवाड्यामागे येऊन उभी राहिली, एका पायात बूट नव्हता. आई म्हणाली, "मीच म्हटलं, जा. आणि माघारी बघू नकोस." मावशीने गाडी काढली. रोझलिनची गाडी पंपामागे ठेवली तीही मावशीनेच, लोकांनी तिकडे शोधावं म्हणून.

मला का नाही सांगितलंत?

"तुझ्या चेहऱ्यावर सगळं उमटतं पोरी. लहानपणापासून."

मडक्याची मातीही आईचीच, तिच्या खाणीतली. वर्षातून दोनदा मावशी ती पोहोचवते, राळही. मला सांगायची डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातेय. आणि मी वेडी तिच्या डोळ्यांची काळजी करायची! दोघीजणी रोझलिनचं राहतं गाव सांगायला मात्र तयार नाहीत. मीही खोदून विचारलं नाही.

आणि डेल्बर्टची पोती? "त्याचं पीठ? मेंढ्यांना घातलं," मावशी म्हणाली. "मेंढ्यांनीही तोंडं वाकडी केली."

१२ ऑक्टोबर, रविवार

परतताना वाटेत गाडी बाजूला घेऊन थांबले.

आता कळलं काय टोचत होतं ते. त्याने विचारलं, कुठून आलं? पुन्हा विचारलं, कोलोरॅडोत कुठून? ती जिवंत आहे का, हे नाही विचारलं. बरी असेल का, हेही नाही. एकदाही नाही!

आणि खोकं टेबलावरच होतं. त्यावर डॉक्टरांच्या घरचा पत्ता होता. त्याने वाचला असेल? त्याची पाठ होती तिकडे की तोंड? आठवत नाही, आठवत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळीच डॉक्टरांच्या बायकोला फोन लावला. म्हटलं, त्या मडक्याबद्दल कुणाला काही सांगू नका.

"अगं, शनिवारीच एका गृहस्थांचा फोन आला होता! इतके गोड बोलले. बायको हरवलीय म्हणाले बिचाऱ्यांची. तेव्हाच मला बाजाराचं नाव आठवलं बघ. अॅलामोसा."

लगेच मावशीला कळवलं. अॅलामोसा हे नाव ऐकलं आणि ती एकही टोमणा न मारता म्हणाली, "निघते." म्हणजे तेच गाव. आज तिच्या तोंडून एक तरी टोमणा यायला हवा होता.

मग प्रुइटसाहेब. म्हटलं, नाव काढा, माझी चूक झाली. माल दुसऱ्या कुणाचातरी आहे, तिची नक्कल. ते हसले, मग लाल झाले. "गुरुवारी तुम्ही दोन मडकी शेजारी ठेवून मला अंगठा दाखवलात! मी माणसं बोलावलीयत बघायला." मी म्हटलं, अंगठे सगळ्यांनाच असतात. म्हणाले, "तुमच्या शब्दावर लोक इथे विकत घेतात, बर्नाडीन. आज हो, उद्या नाही, मग मी तुम्हाला ठेवू कशाला?"

बरोबर आहे त्यांचं. माझ्याकडे आहे काय दुसरं? डोळा आणि शब्द. डोळा खरा ठरला म्हणून शब्द खोटा करायचा!

यादीत आता लिहिलंय: कर्ता अज्ञात.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दुकानासमोर डेल्बर्टची गाडी. अॅलामोसात ती नेमकी कुठे, ते माझ्याकडून काढायचंय त्याला. दुपारभर. आत कुणी बसलेलं नव्हतं. की होतं?

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मावशी परतली. फोनवर एवढंच म्हणाली, "सांगितलं तिला. पळ म्हटलं. नाही म्हणते. आईवर गेलीय, दगड!" पुढे काही विचारायच्या आत फोन ठेवला. नाही म्हणजे? नाही म्हणजे काय!

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज विक्रीआधी माल बघायचा दिवस. लिहून ठेवायलाच हवं.

सकाळपासून गर्दी. संग्राहक, व्यापारी, आपली मडकी कितीला जातायत ते बघायला आलेल्या शाँटोच्या बायका. डेल्बर्ट आला तो सरळ त्या मडक्यापाशीच गेला. दोन्ही हातांनी उचललं. मी मध्ये गेले.

"अज्ञात?" तो हसला. "ताई, परवा तर ओळखलं होतंस."

ऐकणाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलले. म्हटलं, नक्कल आहे. कच्चं काम आहे. पट्टी वाकडी, बैठक नाही. तिच्या हाताशी याची बरोबरी नाही. माझ्या बहिणीचं इतकं सुंदर मडकं आणि मी चारचौघांत त्याला कच्चं म्हणत होते! जीभ झडली नाही कशी.

तो जवळ आला. अंगठा काठावरून फिरवत हळूच म्हणाला, "तुला खोटं बोलता येत नाही, ताई. रोझलिनला यायचं."

आणि दार उघडलं. आई.

आई गॅलपला येतच नाही. तिला रस्ते आवडत नाहीत, दुकानं आवडत नाहीत. पण आली. मखमली सदरा, गळ्यात फिरोजाची माळ, मागे मावशी. शाँटोच्या बायका आपोआप बाजूला झाल्या. कुणीतरी पुटपुटलं, "सासू आली." सगळ्यांना वाटलं, आता हा तोंड फिरवून मागच्या दाराने जाईल. रीत आहे ती. डेल्बर्टने मान खाली घातलीच होती.

आई थांबली नाही. चालत त्याच्या पुढ्यात गेली. एवढीशी आहे ती, त्याच्या छातीशी लागते. मान वर केली आणि सरळ त्याच्या तोंडाकडे बघितलं.

मला ओरडावंसं वाटलं, आई, डोळे!

ती बघतच राहिली. मग सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "ठेव खाली. हे मडकं माझं आहे."

त्याने तोंड उघडलं.

"माझ्या मातीचं आहे. माझं आहे," आई म्हणाली. "आणि तू काय केलंस ते मला माहीत आहे. आता यांनाही कळलं तरी चालेल."

नजर हलवली नाही तिने. त्यानेच हलवली. मडकं टेबलावर ठेवलं, वाटेतल्या बाईला धक्का लागला तरी थांबला नाही, गेला. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तेव्हा कुठे आईने माझा हात धरला.

मावशी प्रुइटसाहेबांना म्हणाली, "बघत काय राहिलात? म्हातारीला खुर्ची द्या!"

१९ ऑक्टोबर, रविवार

आई माझ्याकडेच राहिली. सकाळी सारखी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. लाल आहेत का, पाणी येतंय का. कॉफीचा कप नीट धरते का. शेवटी वैतागली. "दिसतंय मला. तुझ्या डोक्यात पांढरे केस दिसतायत, किती झालेत बघ!" मावशी म्हणते गावी नेऊन शांत करायला हवी, पूजापाठ करायला हवा. आई म्हणते करू, पण पश्चात्ताप नाही.

माझ्या फळीवरची मडकी तिने एकेक करून पाहिली. "ही साच्यातली कशाला ठेवलीस?" म्हटलं, स्वस्त मिळाली. "डॉक्टरीण!" म्हणाली. मावशीचा शब्द.

पण डेल्बर्ट कुठे आहे? घरी नाही, कामावरही गेला नाही. त्याच्या मुकादमाला विचारलं. कुणाला माहीत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

अजून पत्ता नाही त्याचा. दिवसभर रस्त्याकडे कान.

प्रुइटसाहेब म्हणतात, आईंनी माझं म्हटलंय, मग आईंचं नाव घालू. मी म्हटलं, माझ्या मातीचं म्हणाली ती, मी केलं असं म्हणाली नाही. आईने नेमकं किती खोटं बोलायचं ते मोजूनमापून ठरवलं असावं. म्हणजे खोटं बोललीच नाही! साहेबांनी हात जोडले. शुक्रवारपर्यंत यादी हवीय, काय लिहायचं ते लिहा म्हणाले.

अज्ञातच राहू दे. खोडरबराने बहिणीला पुसल्यासारखं वाटतंय. पण राहू दे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

काही नाही. फोन नाही. आई खिडकीत.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी अनोळखी नंबर.

"बर्नी, मी."

रोझलिन!

"काल आला होता तो, दारापर्यंत. मी पळाले नाही गं. मावशी सांगून गेली त्याच दिवशी कोर्टात गेले होते, त्याने माझ्याजवळ येऊ नये असा हुकूम हातात होता. पोलिसांनी नेलं त्याला." मग म्हणाली, "यादीत काय लिहिलंयस?"

अज्ञात.

"खोड ते. माझं नाव लिही. पूर्ण. त्याचं आडनाव नको, आपलं."

आईच्या हातात फोन दिला आणि लिहायला बसले.

रोझलिन टोडाचीनी. हयात.